साखर : सवय की व्यसन?

हातखंबा येथे मुंबई-गोवा महामार्गास रत्नागिरी-कोल्हापूर मार्ग मिळतो. वाटसरू तिठ्यावर उतरतो तो बहुधा चहासाठी, आणि त्या चहास चहा म्हणावे की पाक, हा प्रश्न आम्हांस नेहमीच पडतो. असा पेला चुकला की ज्याचे डोके दुखू लागते, त्यास साखरेचे व्यसन जडले असे हल्ली सर्रास म्हटले जाते. वस्तुतः ते डोके दुखते चहापत्तीतील कॅफीनवाचून. साखर बिचारी बदनाम होते.

मनुस्मृतीने कामज व्यसनांत मृगया, द्यूत, मद्य यांबरोबर दिवसाची झोपही घातली आहे. गोड मात्र सुटले. आधुनिक शास्त्रही अद्याप तेथेच आहे. प्रिन्स्टन विद्यापीठातील संशोधकांनी उंदरांना रोज बारा तास उपाशी ठेवून नंतर साखरपाणी दिले. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखात हे उंदीर अधाशीपणे पिऊ लागल्याचे व पाणी तुटताच थरथरू लागल्याचे वर्णन आहे. परंतु साखर ज्यांच्यापुढे सदैव होती, त्या उंदरांत हा प्रकार जवळजवळ दिसला नाही. तेव्हा दोष साखरेचा की उपासमारीचा? २०२२ पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगसूचीत व्हिडिओ खेळांचा अतिरेक आला. साखर आली नाही.

दारूने उद्ध्वस्त झालेला संसार ज्याने शेजारी पाहिला आहे, तो जिलबीच्या आवडीस व्यसन म्हणावयास धजणार नाही. शिवाय 'व्यसनी' म्हटले की सारा दोष खाणाऱ्याच्या माथी जातो आणि विकणारा नामानिराळा राहतो. आमचा मुख्य आक्षेप हाच आहे.

हानी मात्र खरी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली वरून घातलेल्या साखरेची मर्यादा एकूण उष्मांकांच्या दहा टक्क्यांखाली आणि शक्यतो पाच टक्क्यांखाली, म्हणजे सुमारे २५ ग्रॅम अथवा सहा चमचे, अशी सांगितली. गोड चहाचे दोन पेले, की संपली! भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या पाहणीने २०२३ साली देशातील मधुमेही दहा कोटींवर सांगितले. मधुमेहास साखर हे एकच कारण नव्हे, हे खरे. म्हणून ती निर्दोष ठरत नाही.

केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०२५ साली आपल्या शाळांस साखरेचे प्रमाण दाखविणारे फलक लावण्यास सांगितले. राज्य मंडळाच्या शाळांतही ते सर्वत्र लागावेत. आणि तिठ्यावरील हॉटेलवाल्यांनी चहा बिनसाखरेचा करून साखरेची वाटी बाजूस ठेवावी. हवी तितकी ज्याने त्याने घालून घ्यावी. यास ना कायदा लागतो, ना खर्च.