अँप कबाड्याला देण्याआधी



रामबाग, नारायण बाग भागातली आपली जुनी घरं एकेक करून पडतायत आणि मल्टी उभ्या राहतायत. त्याला इलाज नाही. पण सामान हलवताना आधी काय जातं? पुस्तकं आणि स्टिरिओ. कबाडी अँप्लिफायर हातात तोलून बघतो, कारण त्याला आतल्या ट्रान्सफॉर्मरच्या तांब्याशी मतलब. हा सौदा तोट्याचा आहे, असं माझं स्पष्ट मत. 31 वर्षं बँकेत काढली. घसारा काढता काढता वहीत वस्तू एक रुपयावर येते, पण म्हणून ती एक रुपयाची होते असं बी.कॉम.ला कुणी शिकवलं नव्हतं.

माझा अँप 1983 चा, फेस्टिव्हल अॅडव्हान्स काढून घेतलेला. तेव्हा कुणाकडे सोनोडाइन, कुणाकडे कॉस्मिक, तर कुणाचा आखातातून आलेला जपानी. मुलं म्हणतात, बाबा, साउंडबार घ्या. घेतलाय की, क्रिकेटला बरा आहे. पण खोक्यावरच्या ‘हजार वॅट पीएमपीओ’ला भुलू नका, तो आकडा दुकानदाराच्या कामाचा. माझ्या अँपवर 25 वॅट आरएमएस लिहिलंय, आणि दहा बाय बाराच्या खोलीत कुमारजी ऐकायला त्यातले चार-पाचही पुरतात.

आता व्यवहाराचं. माळ्यावर दहा वर्षं पडलेला अँप उतरवून सरळ प्लगात घालू नका. मेकॅनिककडे सिरीज बोर्ड असतो, म्हणजे 60 किंवा 100 वॅटचा साधा पिवळा बल्ब लाइनच्या मधे जोडलेला. एलईडी चालत नाही. बल्ब एकदा भडकून मंद झाला तर ठीक. तसाच भडक पेटत राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद. हे काम घरी करू नका. आतल्या मोठ्या कंडेन्सरमधे प्लग काढल्यावरही करंट राहतो. जपानी सेट असेल तर मागचा व्होल्टेज सिलेक्टर आधी बघा. 110 वर असेल तर आपली लाइन त्याला जाळेल.

व्हॉल्यूम फिरवताना खरखर येते ती बहुतेक वेळा धूळ-गंजाची. कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारून बटण वीसेक वेळा फिरवलं की जाते. त्यावर कुणी अख्खं बोर्ड बदलायचं म्हणाला, तर दुसरा मेकॅनिक बघा. सुकलेले कंडेन्सर मात्र बदलावेच लागतात, आणि तो खर्च रास्त आहे. ‘ट्रान्झिस्टर काढून नवीन आयसीचं किट टाकून देतो’ ह्याला माझा सक्त विरोध आहे. 2एन3055 सारखे ट्रान्झिस्टर आजही मिळतात. फक्त नकली फार, म्हणून ओळखीच्या दुकानातून घ्या.

आणि मोबाइल जोडायचा तो ऑक्स किंवा टेपच्या भोकात, फोनोत नाही. फोनो हा तबकडीच्या सुईच्या चार-पाच मिलिव्होल्टसाठी असतो. मोबाइल लावलात तर आवाज फाटेल आणि तुम्ही बिचाऱ्या अँपलाच दोष द्याल. वर देवघरातला रुमाल, फोटो काही ठेवू नका, त्या जाळ्या उष्णता बाहेर जायला आहेत. आठवड्यातून तासभर तरी लावा.

एवढा आटापिटा कशाला, असं सूनबाईही विचारते. आमच्याकडे एक कॅसेट आहे. 1986 च्या उन्हाळ्यात आईने जात्यावरच्या ओव्या म्हटल्या, त्या डेकवर भरल्या होत्या. मधे मधे ती हिंदीत भाजीवाल्याला उत्तर देते आणि परत ओवी धरते. नातवाने ती पेन ड्राइव्हवर घेतली, पण डेक आणि अँप चालू होते म्हणून. अशा कॅसेटी तुमच्याही कपाटात असतील, आणि आज घरात त्या वाजवायला काही आहे का, हे एकदा बघा.

इंदूरातल्या कुणाकडे डेक नसेल तर रविवारी सकाळी दहानंतर आमच्याकडे या. कॅसेट आणण्याआधी बुरशी लागली आहे का ते बघा. पांढरे डाग दिसले तर वाजवू नका, तशीच घेऊन या.