सर्व्हरच्या पेटीचे खण खुले हवेत

बँका, विद्यापीठे आणि वीज कंपन्या यांचा कारभार ज्या सर्व्हर-संगणकांवर चालतो, त्यांच्या पेटीची रचना हा वरकरणी अभियंत्यांचा विषय होय. वास्तविक तो करदात्याचाही आहे.

सर्व्हर ठेवण्याच्या रॅकचे माप जगभर रूढ आहे: रुंदी १९ इंच, उंचीचे एकक पावणेदोन इंच. त्यामुळे एका कंपनीचा सर्व्हर दुसऱ्या कंपनीच्या रॅकमध्ये सहसा बसतो. २००१ च्या सुमारास ‘ब्लेड’ सर्व्हर आले आणि हा मोकळेपणा पेटीच्या दाराशीच संपला. एका पेटीत अनेक खण, प्रत्येक खणात पुस्तकासारखा सरकवायचा एक संगणक. वीजपुरवठा आणि पंखे मात्र सामाईक. एचपीच्या २००६ मधील ‘सी७०००’ पेटीत साडेसतरा इंच उंचीत असे सोळा संगणक मावत. कल्पना उत्तम, यात शंका नाही. पेटी चालू असतानाच संगणक काढता-घालता यावा म्हणून जोडणीतील काही पिना मुद्दाम लांब ठेवतात. आधी भूसंपर्क जुळतो, मग वीज. मागील जोडफलकावर बिघडण्याजोगा भाग शक्यतो ठेवीत नाहीत, कारण तो गेला तर सगळेच खण एकदम बंद पडायचे.

परंतु आयबीएमच्या पेटीतला संगणक एचपीच्या खणात बसत नसे. म्हणजे निविदा खऱ्या अर्थाने खुली असते ती एकदाच, पेटी घेताना. पुढे प्रत्येक रिकाम्या खणासाठी विक्रेता ठरलेला! त्याने ते उत्पादन बंद केले, की सुस्थितीतील पेटीही भंगारात.

जोडणी गोठवली तर प्रगती खुंटेल, असा युक्तिवाद केला जातो. संदेशवहनाच्या वाढत्या वेगापुरता तो खराही आहे. पण पत्र्याची मापे, विजेची जोडणी, हवेची दिशा यांना तो कसा लागू व्हावा? दूरसंचार यंत्रणांसाठी २००२ मध्ये ‘अ‍ॅडव्हान्स्ड-टीसीए’ हे खुले मानक ठरले, ते अशा खणांसाठीच. २०११ मध्ये फेसबुकच्या पुढाकाराने ‘ओपन कम्प्यूट’ प्रकल्प सुरू झाला आणि सर्व्हरचे व रॅकचे आराखडेच जाहीर झाले. फेसबुक मोठा ग्राहक, म्हणून त्याला हे साधले, असे कोणी म्हणेल. मग आपले सरकार काय लहान ग्राहक आहे?

सी-डॅकच्या स्वदेशी ‘रुद्र’ सर्व्हरवर उभारलेले ‘परम रुद्र’ महासंगणक २०२४ मध्ये राष्ट्रार्पण झाले. आराखडा करण्याची कुवत देशात आहे, हे त्यावरून दिसलेच. आता सरकारी निविदांत एक अट घालावी: खणांची मापे, जोडणीचा नकाशा आणि नियंत्रणाचे संकेत जाहीर असावेत, आणि ते कोणत्याही उत्पादकाला विनाशुल्क वापरता यावेत.