तीन शहरं, एक एक्सेल शीट आणि आई

नवरोबाने एक्सेल शीट उघडली की समजायचं, घरात काहीतरी मोठं शिजतंय. लग्नाच्या हॉलसाठी शीट झाली, गाडीसाठी झाली, अगदी फ्रीजसाठीसुद्धा झाली. या वेळच्या फाइलचं नाव होतं ‘हिमाचल फायनल’. आणि अनुभवाने सांगते, ज्या फाइलच्या नावात ‘फायनल’ असतं ना, ती कधीच फायनल नसते!

झालं असं, की त्याच्या कंपनीने त्याला कायमचं घरून काम करायला सांगितलं. मी पडले फ्रीलान्सर, म्हणजे लॅपटॉप उघडला की तिथे ऑफिस. मग घोडबंदर रोडवरच्या वन बीएचकेचं भाडं भरत, खिडकीतून मेट्रोचे खांब मोजत का बसायचं? हा प्रश्न ट्रॅफिकमध्ये अडकल्यावर तुम्हीही कधीतरी विचारला असेल. फरक एवढाच, की आम्ही तो सिग्नल सुटल्यावर विसरलो नाही.

‘हिमाचलच का? कोकण काय वाईट आहे?’ असं सगळ्यांनी विचारलं. कोकणात सगळे नातेवाईक आहेत, हे एक उत्तर. (हसू नका, सीरियस कारण आहे.) दुसरं म्हणजे आमची दोघांची ओळखच हिमाचलमधल्या ट्रेकवर झाली. कुठल्यातरी गारठलेल्या तंबूत त्याने मला त्याचे कोरडे मोजे दिले होते. यापेक्षा रोमँटिक अजून काही घडलेलं नाही, त्यामुळे त्या राज्याबद्दल आम्ही जरा हळवे आहोत.

पण ‘हिमाचलला जाऊया’ म्हणणं सोपं. हिमाचलमध्ये नेमकं कुठे, हा खरा पेपर! २०११ च्या जनगणनेत तिथले शंभरातले नव्वद लोक खेड्यात राहत होते. एक लाखाच्या वर लोकसंख्या असलेलं शहर एकच, सिमला. त्याच जनगणनेत आमच्या कल्याण-डोंबिवलीत जवळपास साडेबारा लाख माणसं होती. तेव्हा सोलनमध्ये चाळीस हजारांच्या आत आणि मंडीत पंचवीस-सव्वीस हजार. म्हणजे आपल्या एखाद्या मोठ्या कॉम्प्लेक्सला तिथे शहर म्हणतील! २०२० मध्ये आजूबाजूची गावं जोडून सोलन, मंडी आणि पालमपूर अशा तिघांच्या महापालिका झाल्या. बोर्ड बदलला, पण जीव तेवढाच.

आणखी एक गोष्ट आधीच कळली ते बरं. तिथे १९७२ च्या कूळ व जमीन सुधारणा कायद्याचं कलम ११८ आहे. तिथला शेतकरी नसलेल्याला राज्य सरकारच्या परवानगीशिवाय जमीन घेता येत नाही. आपल्याकडेही शेतजमीन घ्यायला शेतकरी असावं लागतं, पण तिकडचं प्रकरण त्याहून कडक. त्यामुळे ‘पहाडात आपलं छोटंसं लाकडी घर’ ही नवरोबाची रो पहिल्याच दिवशी लाल झाली. भाड्याने मात्र कुणीही राहू शकतं. मला उलट हायसंच वाटलं. चुकलो तर सामान बांधून परत येता येईल.

मे महिन्यात सगळंच आवडतं

सिमला महाग आणि गर्दीचं म्हणून गळालं. धरमशाला टुरिस्टांचं आणि तुफान पावसाचं म्हणून गळालं. उरले तीन उमेदवार: सोलन, मंडी, पालमपूर. मे महिन्यात आम्ही प्रत्येक ठिकाणी तीन-तीन दिवस राहून आलो.

मंडी बियास नदीच्या काठावर. उंची सातशे-आठशे मीटर, त्यामुळे थंडी सोसवणारी आणि उन्हाळा चक्क आपल्यासारखा. जुनी दगडी देवळं इतकी, की लोक ‘छोटी काशी’ म्हणतात. मधोमध खोलगट बाग, तिच्याभोवती बाजार आणि घंटाघर. कामंदला आयआयटी आल्यापासून तरुण मंडळीही दिसतात. एका लग्नात आम्हाला न बोलावता ‘धाम’ जेवायला बसवलं. जमिनीवर पंगत, पत्रावळ, भात आणि त्यावर एकामागून एक येणारे पदार्थ. गावजेवणाची आठवण आली.

सोलन कालका-सिमला रस्त्यावर, साधारण दीड हजार मीटरवर. १९०३ ची छोटी रेल्वे इथूनच जाते आणि २००८ पासून ती युनेस्कोच्या यादीत आहे. मशरूमवर संशोधन करणारी केंद्रीय संस्थाही इथेच. पण शहर म्हणाल तर डोंगरावर उतरंडीसारखी रचलेली घरं, मॉल रोडवर हॉर्न आणि जिकडे तिकडे जिने. रोमान्स शून्य!

आणि पालमपूर... पालमपूरला उतरल्यावर मी नवरोबाला म्हटलं, ‘शीट बंद कर.’ समोर भिंतीसारखी धौलाधार, अलीकडे चहाचे मळे. कारगिलच्या कॅप्टन विक्रम बत्रा यांचं हे गाव. शेती विद्यापीठ आहे, संशोधन संस्था आहे, त्यामुळे बाहेरून आलेल्या माणसांची सवय आहे. आमच्या होमस्टेच्या आंटींनी कांगडा चहा पाजला आणि वर विचारलं, ‘कब आ रहे हो रहने?’

फिदा म्हणजे फिदा. पण परतताना टॅक्सीवाल्या भय्यांनी हवाच काढली. ‘मॅडमजी, ये तो मई है. मई में तो सब अच्छा लगता है. बरसात में आइए, फिर बताइए.’

पावसाळ्यात कळतं

गेलो मग ऑगस्टमध्ये. ट्रिपसाठी नाही, प्रत्येक ठिकाणी आठवडाभर काम करायला.

मंडीतली मेमधली निवांत बियास ऑगस्टमध्ये ओळखू आली नाही. पाणी मातकट, आवाज असा की फोनवर बोलता येईना. जुलै २०२३ च्या पुरात पंचवक्त्र मंदिर पाण्यात उभं असल्याचे व्हिडिओ तुम्हीही पाहिले असतील. २०२५ च्या पावसाळ्यात याच जिल्ह्यात ढगफुट्या झाल्या आणि माणसं गेली. तिथले लोक हे सगळं शांतपणे सांगतात, पण रात्री पाऊस वाढला की दिवा लावून बसतात. आम्हीही बसलो. मंडी आवडली, अजूनही आवडते. पण आपली छाती तेवढी नाही, हे कबूल करायला लाज कसली?

सोलनला येताना दरड कोसळलेली. तीन तास बस जागच्या जागी! ऑगस्ट २०२३ मध्ये परवाणूजवळचा चौपदरी रस्ताच खचला होता, त्या मानाने आमचं काहीच नाही. घरमालक अंकलनी प्रामाणिकपणे सांगितलं, की उन्हाळ्यात नळाला रोज पाणी येईलच असं नाही, गच्चीवरच्या टाक्या मोजूनच घर घ्या. डोंबिवलीत वाढलेल्या मुलीला हे नवीन नव्हतं. नेट मात्र मस्त चाललं.

पालमपूरला पाच दिवस धौलाधार दिसलीच नाही. कपडे वाळेनात, बॅगेला बुरशी, दोनदा लाइट गेले. नवरोबाची क्लायंट मीटिंग मोबाइलच्या नेटवर, मेणबत्तीच्या उजेडात झाली. शिवाय आंटींनी सहज सांगितलं, की ४ एप्रिल १९०५ च्या भूकंपात त्यांच्या आजेसासऱ्यांचं घर गेलं होतं. कांगडा खोऱ्यात तेव्हा वीसेक हजार माणसं गेली. म्हणून घर बघताना इथे आधी पिलर बघायचे, मग बाल्कनी.

तरी पालमपूरच पुढे होतं. प्रेम ते प्रेमच!

जो कॉलम शीटमध्ये नव्हता

आमच्या शीटमध्ये अठरा कॉलम होते. नेट, वीज, पाणी, भाडं, हॉस्पिटल, एअरपोर्ट, जिम, एवढंच काय, ‘चांगली कॉफी’सुद्धा. एका संध्याकाळी आईला व्हिडिओ कॉलवर सगळं दाखवत होतो. बाबा गेल्यापासून चार वर्षं आई डोंबिवलीत एकटी राहते. ती आमच्याबरोबर येणार, हे आम्ही गृहीतच धरलं होतं. सगळं ऐकून घेऊन तिने एवढंच विचारलं, ‘तिथे मी एकटी भाजी आणायला जाऊ शकेन का गं?’

अठरा कॉलममध्ये हा प्रश्न नव्हता. आईचे दोन्ही गुडघे कुरकुरतात. सोलनमध्ये भाजी म्हणजे चाळीस पायऱ्या खाली आणि पिशवी घेऊन चाळीस पायऱ्या वर. पालमपूरचा उतार त्या मानाने सौम्य, बाजार जवळ आणि टांड्याचं सरकारी मेडिकल कॉलेज तासाभराच्या अंतरावर. झालं, पालमपूर फायनल! मी मनातल्या मनात पडदेसुद्धा घेतले.

गणपतीत डोंबिवलीला गेलो तेव्हा मी थाटात निर्णय जाहीर केला. आईने चहा गाळता गाळता म्हटलं, ‘छान आहे. पण मी नाही येत हं.’

‘अगं, तुझ्यासाठीच तर पालमपूर...’

‘माझ्यासाठी कशाला? इथे रात्री दोनला बेल वाजवली तर चार दारं उघडतात. तिथे तुम्हालाच कुणी ओळखत नाही, मला काय ओळखणार? भजनाचा ग्रुप आहे, बँकेतला मुलगा नावाने हाक मारतो. साठीनंतर हे सगळं परत जमवायचं म्हणजे चेष्टा आहे का?’

मी गप्प. मग माझा चेहरा बघून तिनेच म्हटलं, ‘तुम्ही जा. खरंच जा. फक्त मी फोन केला तर किती वेळात पोचशील, तेवढं बघून ठेव.’

रडू आलं. पण गंमत बघा, ज्या एका प्रश्नावर आम्ही शहर ठरवलं होतं, तोच प्रश्न आता निघून गेला होता. आणि त्याच्या जागी दुसरा आला होता.

त्या रात्री नवरोबाने शीटमध्ये एकोणिसावा कॉलम टाकला: ‘आई, दारापासून दारापर्यंत’. पालमपूरजवळ गग्गलचा विमानतळ आहे, पण पावसात, धुक्यात तिथल्या विमानाचा भरवसा नाही. पश्चिमेकडून येणाऱ्या छोट्या रेल्वेचं म्हणाल तर ऑगस्ट २०२२ मध्ये चक्की नदीवरचा पूलच वाहून गेला होता. रस्त्याने चंदीगड गाठायचं तर सहा-सात तास. सोलनहून चंदीगड सत्तर किलोमीटरच्या आत, तिथून मुंबईला थेट विमान. रात्री फोन आला तर दुसऱ्या दिवशी दुपारी मी डोंबिवलीत. दरड आली तर उशीर होईल, पण वाटेत अडकण्याचा धोका सत्तर किलोमीटरचा, अडीचशेचा नाही.

म्हणून आम्ही सोलनला चाललोय. जिने, हॉर्न आणि टाक्यांच्या सोलनला. अकरा महिन्यांचा करार, दुसरा मजला, गच्चीवर दोन टाक्या. (मोजल्या!) धौलाधार दिसत नाही. पालमपूरच्या आंटींना फोन करून सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, ‘कोई बात नहीं बेटा, मायका पास होना चाहिए.’ दीडेक हजार किलोमीटरवरच्या माहेराला ‘पास’ म्हणणाऱ्या त्या पहिल्याच!

तुम्हीही अशी शीट बनवत असाल तर माझं एवढं ऐका. शहराला त्याच्या सगळ्यात वाईट महिन्यात भेटा. सहलीला जाऊ नका, सोमवार ते शुक्रवार काम करून बघा. जमिनीचे कायदे स्वप्नं बघायच्या आधी वाचा. आणि हे नीट समजून घ्या, की छोट्या शहरात सगळं काही मिळत नाही. काय मिळणार नाही हे आपण निवडतो. ते न मिळणं घरातल्या कुणाच्या वाट्याला येतंय, हे त्या माणसाला आधी विचारा. आम्ही विचारलं, पण फार उशिरा, तेही तिनेच प्रश्न काढला म्हणून.

फाइलचं नाव आता ‘हिमाचल फायनल २’ आहे. काल आईचा फोन आला होता. ‘सोलनला मशरूम स्वस्त असतील ना गं?’

‘तू कुठे खातेस मशरूम?’

‘नाही खात. पण एप्रिलमध्ये पंधरा दिवस यायचं तर माहीत असलेलं बरं. आणि ऐक, त्या चाळीस पायऱ्यांना कठडा आहे का, तेवढं बघून ठेव.’

विसावा कॉलम!