वऱ्हाड म्हणजे अख्खा विदर्भ नव्हे

‘वऱ्हाड आणि विदर्भ एकच, बेरार हे इंग्रजांनी केलेले त्याचे विकृत रूप’ हे गेल्या अंकातील पत्रलेखकांचे मत मान्य होण्यासारखे नाही.

‘विदर्भ’ हे महाभारतातले, दमयंती-रुक्मिणीच्या माहेरचे प्राचीन नाव. आज त्यात नागपूर, भंडारा, चंद्रपूरही येतात. ‘वऱ्हाड’ म्हणजे त्याचा पश्चिम भाग: अमरावती, अकोला, बुलडाणा, यवतमाळ आणि 1998 साली अकोल्यातून वेगळा झालेला वाशीम. नागपूरकर स्वतःला वैदर्भीय म्हणवतील, वऱ्हाडी नाही.

‘बेरार’ तर इंग्रजांच्या कितीतरी आधीचे आहे. अकबराच्या काळात तो मोगल सुभा होता. ‘आईन-ए-अकबरी’त अबुल फझलने त्याचे मूळ ‘वरदातट’, म्हणजे वर्धा नदीचा काठ, असे दिले आहे. ही व्युत्पत्ती सर्वमान्य नसली तरी नावाचे वय तीवरून कळते. इंग्रजांनी फारसी दप्तरातले रूढ नाव पुढे चालवले, इतकेच. रुक्मिणीच्या लग्नातल्या वऱ्हाडावरून प्रदेशाला नाव पडले, ही लोककथा गोड आहे; पण तिला पुरावा मानता येणार नाही.

समानार्थी वाटणाऱ्या शब्दांची व्याप्ती आणि इतिहास वेगळा असतो. 1923 साली अमरावतीत स्थापन झालेल्या संस्थेचे नाव ‘विदर्भ साहित्य संघ’ आहे, ‘वऱ्हाड साहित्य संघ’ नव्हे. शिक्षकांनी आणि वार्ताहरांनी हा भेद कटाक्षाने पाळावा, ही विनंती.

— एक वाचक, अकोला