कबड्डीचा दम आणि वाहिनीचे घड्याळ

‘दूरचित्रवाणीने कबड्डीला जीवदान दिले’ हे वाक्य आता इतके रूढ झाले आहे की, त्याविषयी शंका घेणारा मनुष्य अरसिक तरी ठरतो किंवा मत्सरी तरी. तो आरोप पत्करून ही शंका येथे मांडीत आहे. कबड्डी मेलेली नव्हतीच. भीमेच्या दोन्ही अंगांना पसरलेल्या शिरूर आणि दौंड तालुक्यांत तरी नव्हतीच नव्हती. शाळेमागची मोकळी जागा, फक्कीच्या रेघा आणि सात-सात गडी एवढ्या भांडवलावर ती सुखाने नांदत होती. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी ती युरोपला दाखविली. १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत तिला पदकाचा मान मिळाला. तेव्हा जीवदानाची भाषा सोडून द्यावी. घडले ते निराळेच. कबड्डी विकत घेतली गेली.

हे विधान अलंकारिक नाही. प्रो कबड्डी लीग जुलै २०१४ मध्ये सुरू झाली आणि ती चालविणाऱ्या मशाल स्पोर्ट्स या कंपनीचा मोठा हिस्सा २०१५ साली सामने दाखविणाऱ्या स्टार इंडियानेच घेतला. क्रिकेटमध्ये निदान मंडळ वेगळे आणि वाहिनी वेगळी. २०२३ ते २०२७ या पाच वर्षांच्या आयपीएल हक्कांसाठी ४८,३९० कोटी रुपये मोजणाऱ्या कंपन्यांनाही मंडळाच्या दारी बोली लावावी लागली. येथे मात्र खेळविणारा आणि दाखविणारा एकच. दुकानदारानेच वजनमापांचा निरीक्षक व्हावे, तसा हा प्रकार आहे.

त्याचा परिणाम खेळाच्या गाभ्यावर झाला. कबड्डीचे घड्याळ म्हणजे गड्याची छाती. एका श्वासात, उच्चार तुटू न देता, परक्या अंगणात शिरायचे आणि तो श्वास संपण्याआधी मध्यरेषेवर परतायचे, हीच या खेळाची सारी नाट्यमयता. दोन गड्यांची चढाई कधी सारख्या लांबीची नसे, कारण दोन माणसांचा दम सारखा नसतो. लीगने चढाई ३० सेकंदांत बांधली. सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी ‘डू ऑर डाय’. तीन किंवा त्याहून कमी गडी उरले असताना पकड साधली तर एक गुण जादा. जुन्या खेळात आघाडीवरचा संघ वेळ काढू लागला की सामना कंटाळवाणा होई, हे मी नाकारीत नाही. पण त्या संथ चढायांतच समोरच्याची नजर, त्याचा उतावीळपणा जोखला जाई. नियमांच्या पुस्तकात दम आजही आहे. प्रेक्षकाची दृष्टी मात्र पडद्याच्या कोपऱ्यात उलट्या धावणाऱ्या आकड्यांवर खिळलेली असते, आणि समालोचकांच्या गदारोळात तो उच्चार ऐकूच येत नाही.

‘पण पोरांना पैसा मिळाला ना?’ मिळाला, आणि त्याचा आनंदच आहे. खेळाडू उपाशी राहिला म्हणजे खेळ पवित्र राहतो, असे मानणाऱ्यांपैकी मी नव्हे. २०१४ च्या पहिल्या लिलावात राकेशकुमारवर १२ लाख ८० हजारांची सर्वोच्च बोली लागली. २०२३ साली पवन सेहरावतवर २ कोटी ६० लाखांच्या वर. तथापि हा राकेशकुमार रेल्वेचा नोकर होता, ही गोष्ट दौंडच्या वाचकांना अधिक बोलकी वाटेल. रेल्वे जंक्शनच्या आणि राज्य राखीव पोलीस दलाच्या त्या गावाला खेळ आणि नोकरी यांचे नाते कोणी समजावून सांगायला नको. रेल्वे, पोलीस, बँका कबड्डीपटूला वयाच्या साठीपर्यंत सांभाळीत. गुडघा गेला तरी पगार जात नसे. लीगचा करार हंगामांच्या हिशेबाने चालतो. कोट्यवधींच्या त्या आकड्यामागे बोली न लागता परतलेले किती, हे कोणतीच वाहिनी सांगत नाही.

आणि हा लिलाव शब्द! बाजार समितीच्या आवारात कांद्याचा लिलाव होतो, तेव्हा भाव पडला तर शेतकरी निदान संतापतो. आता तालुक्यातालुक्यांत टेनिस बॉलच्या ‘प्रीमिअर लीग’ भरतात, मंडप टाकून गावच्या पोरांवर बोली लागते, आणि पोरे हौसेने विकली जातात. मोठ्या पडद्यावरून जे झिरपले ते हेच. मैदान झिरपले नाही.

मुलींचे काय झाले, तेही पाहावे. २०१६ साली तीन संघांची महिला कबड्डी चॅलेंज पुरुषांच्या हंगामाबरोबर भरविली गेली. अंतिम सामना एका गुणाने, २४-२३ असा सुटला. याहून रंगतदार काय हवे? तरीही ती स्पर्धा पुन्हा झाली नाही. महाराष्ट्राच्या मुलींची कबड्डी कमी तोलाची म्हणून नव्हे. मालकाच्या वहीत तिचा हिशेब जुळला नाही, म्हणून. क्रीडा संघटनेला याचा जाब विचारता येतो, वाहिनीला कोण विचारणार?

प्रेक्षकाचीही या व्यवहारात गरज उरलेली नाही. महामारीच्या काळात, डिसेंबर २०२१ पासून, अख्खा हंगाम बंगळुरूच्या एका हॉटेलात प्रेक्षकांविना खेळविला गेला. त्या वेळी तो नाइलाज होता. पण त्यातून एक सोय मालकांना उमगली असावी. २०२४ साली साऱ्या संघांचे सामने हैदराबाद, नोएडा आणि पुणे या तीनच शहरांत झाले. २०२५ साली विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई आणि दिल्ली. ज्या पुणेरी पलटणने मार्च २०२४ मध्ये विजेतेपद मिळविले, २०२५ मध्ये अंतिम सामना गाठला, तिचा त्या हंगामातील एकही सामना पुण्यात झाला नाही. पुणे वॉरिअर्स २०१३ साली मिटला, रायझिंग पुणे दोन हंगामांत संपला. पलटण टिकली आहे, पण पुण्याचे नाव तेवढे तिच्या अंगावर आहे.

म्हणून मागणी साधी आहे. प्रक्षेपणाच्या उत्पन्नातील ठरावीक वाटा तालुक्यांच्या मैदानांसाठी बांधून द्यावा, मुलींची स्पर्धा पुन्हा सुरू करावी, आणि पुण्याचे नाव लावणाऱ्या संघाने वर्षातून काही सामने तरी बालेवाडीत खेळावेत. शिरूरहून सकाळची एस.टी. धरून पोर तेथे पोहोचू शकते. विशाखापट्टणमला नाही.