टेंपो जोडायचा की भंगारात द्यायचा?

पाटोद्याच्या घरामागे आजोबांचा तीनचाकी टेंपो सुटा पडलाय. इंजिन पोत्यात, चाकं माळ्यावर. काका म्हणतात, 'भंगारात देऊन टाक.' थांबा, बॉस!

तो 'हॅन्सीट' असेल तर खानदानी आहे. हॅम्बर्गच्या टेंपो कंपनीच्या साथीनं १९५८मध्ये बजाज टेंपो सुरू झाली. २००५मध्ये तिची फोर्स मोटर्स झाली. आज आपण कुठल्याही छोट्या मालगाडीला 'टेंपो' म्हणतो, ते याच नावावरून.

पण सेंटी होण्याआधी कपाट उघडा. आरसी बुक आहे? चासी नंबर जुळतो? २०२१च्या व्हिंटेज नियमांत ५० वर्षांवरच्या, मूळ रूपातल्या दुचाकी आणि चारचाकी बसतात, तीनचाकी नाही. म्हणजे रस्त्यावर फिरवायचा असेल तर आधी आरटीओ, मग गॅरेज. नुसता अंगणात फटफटवायचा असेल, तर चासी सडलेली नाही आणि इंजिनाचे पार्ट पूर्ण आहेत, एवढं बघा.

आणि काकांना विचारा, कुठला नट कुठे बसतो हे ठाऊक असलेला जुना मिस्त्री गावात आहे का? असेल, तर याच शनिवारी गाव गाठा. पार्ट अजून थांबतील, मिस्त्रीचं वय थांबणार नाही.