आधी फ्यूज, मग गाणी

रिसालीहून नागपूर सुमारे अडीचशे किलोमीटर. टूरिंग मोटरसायकलवर मोठे स्पीकर लावून ही वाट कापायची, याला माझी हरकत नाही. हरकत आहे ती हेडलाइटची वायर सोलून तिथून अ‍ॅम्प्लिफायरला वीज देण्याला. 'साहेब, दहा मिनिटांचं काम' असं ऐकलं की मी चावी परत मागतो.

साधा हिशेब. 55 वॅटचा बल्ब 12 व्होल्टवर साडेचार अँपिअर घेतोच. वर 100 वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर, पूर्ण आवाजात आणखी आठ-नऊ. तेवढं त्या बारीक तारेला झेपत नाही. फ्यूज उडालाच, तर देवरीच्या जंगलपट्ट्यात रात्री गाणं आणि दिवा एकदमच जातील. समोर ट्रकांची रांग असतेच.

वीज थेट बॅटरीवरून घ्या, प्लस टोकापासून वीतभर अंतरातच फ्यूज. मध्ये रिले हवा, म्हणजे चावी फिरवली की सगळं बंद. नाहीतर सकाळी धक्का मारायला शेजारी शोधा. अर्थ रंगवलेल्या चासिसवर नको, सरळ मायनसवर. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून वायर ताणत नाही ना, तेही बघा.

आणि आवाज? मागच्या अ‍ॅम्ब्युलन्सचा सायरन ऐकू येईल, एवढाच.